भीतीजवळ बसा

कोयनेच्या त्या शिबिरातून मला काय काय मिळणार, याचा हिशोब मी घरातून निघायच्या आधीच करून ठेवला होता. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजा करायचं, उरला तो ऊस. सवयच अशी जडली की माणूस समोर आला तरी मी त्याला मनातल्या मनात काट्यावर चढवतो. त्याची बडबड वजा करतो आणि आत माल किती उरला ते बघतो. बऱ्याचदा उसाऐवजी पाचटच निघतं.

तर माझी जमेची बाजू अशी होती. आमच्या भागात फादर एकटे आणि ख्रिस्ती घरं तालुक्या-तालुक्यांत पांगलेली. कुणाला मन मोकळं करायचं असलं, प्रार्थनेत मन का लागत नाही ते विचारायचं असलं, तर फादर येईपर्यंत माणसाचा प्रश्न शिळा होऊन जातो. म्हणून सिस्टर लोकांना आणि आमच्यासारख्या संसारी माणसांना शिकवून प्रार्थना-मार्गदर्शक करायचं ठरलं. आठवडाभराचं शिबिर, शेवटी सर्टिफिकेट. आता आमच्या कराडात कुणाच्याही घरी गेलं की हातांची खुर्ची नानासोला मिळते, कारण तो चर्चमध्ये वाचन करतो. मी बसतो कॉटच्या कडेला. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं की ती खुर्ची माझी! त्यात शिबिर मौनाचं. आठवडाभर कुणी माझ्याशी बोलणार नाही. फुकटात एवढं सुख संसारी माणसाला कोण देतं?

निघताना माझी बायको शालू म्हणाली, "तिकडं जाताय तर आईसाठी प्रार्थना करा."

"कसली?"

"इकडं यायची बुद्धी होऊ दे म्हणून. घराची भिंत वरनं खालपातूर तडकलीया."

शालूची आई रंगूबाई. कोयनानगरच्या वर डोंगरात एकटी राहते. आयुष्यभर सुईणपण केलेली बाई. त्या खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातात पहिल्यांदा रडली आणि उरलेली तिच्या तोंडामुळे नंतर रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिनं "पाव्हणं" म्हटलं की माझा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायला जातो. शालू तिला कराडला बोलवून थकली. रंगूबाईंचं एकच उत्तर, "देवाला इचारून सांगते."

मी शालूला हो म्हणालो. पण घर आमचं दोन खोल्यांचं. रंगूबाई आल्या की पुढची खोली गेली, खिडकीजवळची कॉट गेली आणि कपाटातले पेढे गेले. मला साखरेचा आजार आहे, म्हणून पेढे शर्टांच्या मागे असतात. तेव्हा प्रार्थना मी केली, पण भिंतीसाठी केली. भिंत टिकू दे.

शिबिराचं घर म्हणजे सिस्टर लोकांचा जुना दवाखाना. घाटाच्या वळणावर, कौलारू, अंगणात फणस. शिकवायला सिस्टर लवीना. त्या मंगळूरच्या, आमच्या डोंगरात पहिल्यांदाच आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितले.

"मार्गदर्शक म्हणजे वाट सांगणारा नव्हे, सोबत चालणारा. सल्ला द्यायचा नाही. उपदेश करायचा नाही. दुसऱ्याच्या अनुभवाला आपण नाव द्यायचं नाही. फक्त ऐकायचं आणि विचारायचं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

सातारा-सांगलीच्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. आमच्याकडे रस्त्यात नुसतं खोकलं तरी चार जण चार काढे सांगतात. सिस्टरांना ते कळलं असावं, कारण त्यांनी घंटी ठेवली होती. मार्गदर्शक आणि साधक, म्हणजे मन मोकळं करायला आलेला, समोरासमोर बसणार, तिसरा कोपऱ्यात बसून निरीक्षण करणार, आणि मार्गदर्शकानं सल्ला दिला की घंटी वाजवणार.

पहिला सराव आमच्या दादासोचा. हा तासगावकडचा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. एका सिस्टरांनी साधक होऊन सांगितलं, "प्रार्थनेला बसलं की मला झोप येते."

दादासो म्हणाला, "दुपारचा भात बंद करा."

टिंग.

"बरं. मग थोडा करा."

टिंग.

"आवं, मग कुणीतरी सांगायचं का न्हाई त्यास्नी?"

टिंग, टिंग. घंटी म्हसवडच्या दवाखान्यातल्या सिस्टर क्रांतींच्या हातात होती. वयानं लहान, पण नर्स. नर्सची दया सुई टोचून झाल्यावर सुरू होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल जमा झाले आणि मौन लागलं. खऱ्या सरावासाठी आसपासच्या गावांतून साधक येणार होते. ते कोण, कुठले, काही सांगायचं नाही. चिठ्ठी उचलायची आणि त्या खोलीत जायचं. बोलणं काय ते त्या खोलीत, आणि संध्याकाळी फक्त आमच्या बैठकीत. मी चिठ्ठी उचलली, केस सारखे केले, चेहऱ्यावर थोडी करुणा आणली आणि सकाळी दार ढकललं.

समोर रंगूबाई.

माझा हात वरच्या बटणाकडे गेला. ते लागलेलंच होतं. कोपऱ्यात सिस्टर क्रांती घंटी घेऊन बसल्या होत्या. त्यांना आमचं नातं माहीत असायचं कारण नव्हतं. रंगूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "देवानं ह्यास्नी धाडलंय व्हय? बरं. बसा."

मी बसलो. शिकवलेलं वाक्य कसंबसं बाहेर आलं. "आज देवापुढं काय घेऊन आलाय?"

"लेकीकडं ऱ्हायाला जावं का न्हाई, ते इचारायचंय." रंगूबाई खिडकीकडे बघून सांगू लागल्या. "लेक बोलावती. जावई बी तोंडानं या म्हणतो. तसा माणूस वाईट न्हाई."

मी थांबलो. ऐकायचं असतं.

"पर त्याच्या मनात न्हाई."

सिस्टर क्रांतींनी काहीतरी टिपून घेतलं.

"आनि खोटारडा हाय. साखर वाढलीया, तरी कपाटात शर्टाच्या मागं पेढं ठिवतो. लेकीला वाटतं, मुंग्या कुठनं येत्यात."

आता मी काय म्हणायला हवं होतं? हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं? ते विचारलं असतं तर पेढे कबूल झाले असते. मी नियमाला लटकलो. "हे सांगताना तुम्हाला काय वाटलं?"

"लय हलकं वाटलं," रंगूबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सिस्टर क्रांतींनी मला अंगठा दाखवला. उत्तम सत्र!

मी ठरवलं, संध्याकाळच्या बैठकीत सांगून टाकायचं आणि साधक बदलून घ्यायचा. माझी पाळी आली. "सिस्टर, माझ्या साधक ज्या आहेत, त्या माझ्या..."

सिस्टर लवीनांनी हात वर केला. "साधकाबद्दल एक शब्दही नाही, तात्याबा. ते गुपित असतं. तुमच्या मनात काय चाललंय तेवढं सांगा."

"भीती."

"कशाची?"

"साधकाबद्दल बोलायचं नाही म्हणालात."

"बरोबर." त्या हसल्या. "मग पळू नका. भीतीजवळ बसा."

बसलो. दुसरा उपाय नव्हता. रोज सकाळी तासभर मी भीतीजवळ बसत होतो आणि भीती पदर सारखा करून माझ्याबद्दल देवाला एकेक गोष्ट सांगत होती. मी जेवताना ढेकर देतो. मी शालूचं बोलणं अर्ध्यात तोडतो. वादळात पत्रा उडाला तेव्हा मी पलंगाखाली होतो. एक बरं होतं, की निर्णय काही होत नव्हता. "देव अजून बोलला न्हाई," असं म्हणून त्या उठायच्या आणि माझी पुढची खोली आणखी एक दिवस वाचायची.

पण रात्री अंथरुणावर दुसरीच भीती यायची. शालूनं सांगितलेला भिंतीचा तडा. वरून खालपर्यंत. काट्यावर कितीही तोललं तरी त्या भिंतीखाली एक माणूस झोपतं, हे वजन कमी होत नव्हतं. त्या आल्या तर माझं कसं व्हायचं, आणि नाही आल्या तर त्यांचं? मी कूस बदलायचो. कॉट करकरायची.

मग ती सकाळ आली. चॅपलमध्ये आम्ही सगळे, मार्गदर्शक आणि साधक, मांडी घालून बसलो होतो. सिस्टर लवीनांनी ध्यानाला विषय दिला होता: देव माझ्याशी कसा बोलतो? सगळ्यांचे डोळे मिटलेले.

आधी खालून गुरगुर आली, भरलेली बैलगाडी काट्यावर चढताना येते तशी. मग खिडक्यांच्या काचा थडथडल्या. छताला टांगलेला दिवा झुलायला लागला. कौलांतून माझ्या मानेवर माती पडली.

कराडचा माणूस मी. भूकंप मला ओळखता येतो, आणि ओळखल्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे. पळायचं! मौन होतं म्हणून ओरडलो नाही इतकंच. दादासोच्या मांडीवर एक पाय, कुणाच्या तरी शालीवर दुसरा, आणि तिसऱ्या उडीत मी फणसाखाली. अनवाणी. छाती अशी धडधडत होती की जमीन थांबली तरी मी हलतच होतो.

मागे वळून बघितलं तर एकटाच! बाहेर कुणी आलंच नव्हतं. आणि मग ध्यानात आलं, रंगूबाई आत आहेत. नेमक्या तुळईखाली.

मी परत फिरलो. ही बढाई समजू नका, कारण मी उंबऱ्यापर्यंतच पोचलो. पुढे पाय चालेनात. दाराची चौकट धरून मी त्यांना खुणा करत राहिलो. बाहेर या, बाहेर या. तोंडातून शब्द फुटेना. मौनामुळे की भीतीमुळे ते आजही सांगता येणार नाही. दोन्ही हात वर करून मी नुसता हलवत होतो. रंगूबाईंनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. तोवर दिवा थांबला होता. सगळं दोन-चार श्वासांचं काम.

संध्याकाळच्या बैठकीला एक वेगळीच शांतता होती. दादासोचे डोळे पाणावलेले. तो म्हणाला, "पायापास्नं डोक्यापातूर कायतरी गेलं बघा माझ्या. तोफा ऐकल्यात मी, सिस्टर. पर असं कवा झालं न्हाई."

सांगलीच्या एक सिस्टर म्हणाल्या, "माझं सगळं शरीर थरथरलं. मी कित्येक वर्षं याचीच वाट बघत होते."

सिस्टर लवीनांचा आवाज कापरा झाला होता. "आज या घरात काहीतरी झालं."

"झालं तर," मी म्हणालो. "सिस्टर, तो भू..."

टिंग.

"दुसऱ्याच्या अनुभवाला आपण नाव द्यायचं नाही," सिस्टर क्रांती म्हणाल्या.

"अहो, पण सगळ्यांना एकाच वेळी..."

टिंग.

"तुमचं सांगा ना, तात्याबा," सिस्टर लवीना म्हणाल्या. "मी आवाज ऐकून डोळे उघडले. तुम्ही धावत बाहेर गेलात, परत आलात, दारात दोन्ही हात वर करून उभे होतात. मी असं कधी पाहिलं नाही."

"मला भीती वाटली."

"देवाची?"

"छताची."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "आणि छताच्या वर कोण आहे?"

साधक म्हणजे सगळी कोयनेकडची, भूकंपाला सरावलेली माणसं. ती बैठकीला नसायची, नाहीतर एकानं तरी सांगितलं असतं. खोलीत आल्यावर दादासोला मी खुणेनं जमीन दाखवली आणि हात हलवून दाखवला. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

झोप कुठली येणार? एकच विचार. रंगूबाईंनी देवाला प्रश्न विचारून ठेवलेला आणि वर हा भूकंप. त्यांनी त्याला देवाचा हुकूम मानला तर? नियमाप्रमाणे मी गप्प बसायचं. म्हणजे म्हातारपणी एका बाईनं जमिनीच्या एका आचक्यावर घरदार सोडायचं आणि मी विचारायचं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

सकाळी दार ढकललं. रंगूबाई प्रसन्न दिसत होत्या. एवढी वाईट खूण दुसरी नाही.

"देव बोलला काल," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाला?"

"जा म्हणाला. लेकीकडं जा."

"कशावरनं?"

टिंग. साधकाची उलटतपासणी घ्यायची नसते.

माझा बांध फुटला. "आवं मामी, तो भूकंप हुता!"

टिंग.

"वाजवा किती वाजवायची ती. मामी, जमीन हलली म्हणून घर सोडू नका. देव असा बोलत नसतो. तुमचं आयुष्य त्या घरात गेलं. तुमची माणसं हितं, कोंबड्या हितं, आमच्याकडं दोन खोल्या, रस्त्याची धूळ, नुसता गोंगाट..."

टिंग, टिंग, टिंग.

बोलता बोलता मला माझंच बोलणं ऐकू आलं. मी एका म्हाताऱ्या बाईला तडकलेल्या भिंतीखाली परत पाठवत होतो, आणि कारण सांगत होतो धूळ. मी थांबलो.

"आनि ती भिंत," मी म्हणालो. "ती भिंत कवा पडंल सांगता येत न्हाई, मामी. मला रातीची झोप येत न्हाई. चला तुमी. खरंच चला."

घंटी वाजली नाही. सिस्टर क्रांती घंटी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. "मामी?" त्यांनी विचारलं.

"सासू मी ह्यांची," रंगूबाई म्हणाल्या. "थांब पोरी, मदी बोलू नगंस." मग माझ्याकडे वळल्या. "भूकंप मला कळत न्हाई व्हय, पाव्हणं? जमीन हलत असताना बाळतपणं केल्यात मी. कालचा कसला भूकंप? त्यानं पाळणा बी हलला नसता."

"मग देव बोलला कसा?"

"मी तुमास्नी बघत हुते." त्यांनी पदर सारखा केला. "तुमी पळालासा. पळनारच, त्यात नवल न्हाई. पर परत आलासा. उंबऱ्यापातूर. पाय लटलट कापत्यात, तोंडातनं शब्द न्हाई, आनि हात हलवताय. तवा माझ्या मनात आलं, हा गडी लय भितो. शालू बी भित्री. त्या घरात एक तरी न भिनारं माणूस पायजे."

मी काहीच बोललो नाही. बहुधा आठवडाभरातलं ते माझं एकमेव नियमाला धरून वागणं.

"हे कळल्यावर," सिस्टर क्रांतींनी हळूच मला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?"

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं वाटली. दादासोला मिळालं. तो आता तासगावकडे लोकांना चांगलं मार्गदर्शन करतो म्हणतात. सल्ले देतोच, पण आधी ऐकतो. त्याच्या त्या अनुभवाला नाव द्यायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. सिस्टर लवीनांना खरं कळलं ते नंतर, परत एकदा हललं तेव्हा. ऐकतो की त्यांनी एक पत्र पाठवून सगळ्यांना कळवलं, आणि शेवटी लिहिलं, की तरीही त्या सकाळी काहीतरी झालं होतं. मला सर्टिफिकेट नाही. शेरा असा: "तात्याबा मनापासून ऐकतात. पुढच्या वर्षी पुन्हा यावं." हातांची खुर्ची नानासोकडेच आहे.

रंगूबाई कराडला आल्या. पेढे त्या दिवशी संध्याकाळीच गेले. खिडकीजवळची कॉट त्यांची. शिबिरातून निघताना सिस्टर क्रांतींनी त्यांना ती घंटी भेट दिली, ती उशाशी असते. मी कपाटाजवळ गेलो की टिंग. शालूचं बोलणं अर्ध्यात तोडलं की टिंग.

परवा दुपारी मी चहा पीत होतो आणि खिडकीच्या काचा थडथडल्या. बशी हातातून सुटली. मी दारापर्यंत गेलो, आणि कसं कोण जाणे, तिथूनच मागे फिरून सरळ रंगूबाईंच्या कॉटपाशी आलो. त्यांचा हात धरला. "चला मामी, उठा."

त्यांनी हात सोडवला नाही. सरकून जागा करून दिली. "बसा हितं," त्या म्हणाल्या. "ट्रक हुता. उसाचा."

बसलो. तिथून त्यांच्या गळ्यातली माळ दिसत होती, आणि माळेच्या शेजारी ओवलेली किल्ली. कोयनेच्या वरच्या घराची. ते घर आता बंद असतं. तोवर मी सगळी मोजदाद माझ्याच बाजूनं करत आलो होतो: माझी कॉट, माझी खोली, माझे पेढे. त्यांच्या बाजूनं परत तोलायला घेतलं, तर काटा भलतीकडेच झुकला.

सांडलेला चहा शालूनं पुसला. बशी मात्र माझीच फुटली.